पकडीतल्या गप्पा

दारं बनवणाऱ्या सुताराच्या घरी दारात न मावणारा मुलगा जन्माला यावा, याला नशिबाची थट्टाच म्हणायचं. बापाच्या हातची दारं गल्लोगल्ली होती, सगळी एकाच मापाची, आणि त्या मापाबद्दल त्याला कधी शंका आली नव्हती. पोरगा शाळेत जायला लागला आणि ताडमाड वाढत सुटला. बापाने घरच्या दाराची चौकट एकदा वर उचलली, मग पुन्हा एकदा उचलली. तरीही पोराच्या कपाळावर टेंगूळ दिसलं, तेव्हा हातातला रंधा खाली ठेवून तो म्हणाला, "बास. आता दार नाही वाढणार. आता तू वाकायला शीक."

तो शिकला. इतका शिकला, की वाकायची गरज नसेल तिथेही वाकायला लागला. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा तो खांदे पाडून, मान खाली घालून चालायचा, जणू कुणाची तरी माफी मागायला निघालाय. घरी त्याला लांब्या म्हणत. बाहेर लोक काय वाट्टेल ते म्हणत, आणि दर चार माणसांमागे एक जण विचारायचाच, "काय, वर हवा कशी आहे?" हा विनोद जगात आपणच पहिल्यांदा केला, असं प्रत्येकाला वाटायचं. लांब्या प्रत्येकासाठी नव्याने हसायचा. मी असतो तर कुणाच्या तरी डोक्यात पाट घातला असता.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं, डोक्यातली एक ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे. हाडं वाढत राहतील, गुडघ्यांवर आणि काळजावर ताण येईल, जपून राहायला हवं. आईने विचारलं, "जपून म्हणजे काय करायचं?" डॉक्टर म्हणाला, "फार दगदग करू देऊ नका. पडायला तर अजिबात नको." या पोराने पुढे जन्मभर पडण्याचाच धंदा केला.

आधी तो एका गोदामात होता. वरच्या फळीवरची खोकी शिडीशिवाय काढायचा, म्हणून तिथला मालक खूश असे. त्या गोदामात एक दिवस कुस्तीच्या कंपनीचा मॅनेजर दोरखंड घ्यायला आला. दोरखंड राहिले बाजूला, तो लांब्याकडेच बघत बसला. मग त्याने आईबापांच्या पुढ्यात बसून सगळं नीट समजावलं. ही कुस्ती पदकांची नव्हे, तिकिटांची. गावोगाव लाकडी चौथरा मांडायचा, भोवती दोर ताणायचे, माणसं बसवायची आणि खेळ दाखवायचा. कोण जिंकणार ते दुपारी मॅनेजरच्या खोलीतच ठरतं.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे याला लागणार नाही ना?"

"नाही."

"आणि समोरच्याला?"

"त्यालाही नाही."

"मग लोक पैसे कसले देतात?"

याचं उत्तर मॅनेजरला आयुष्यभर देता आलं नाही, पण पोरगा त्याला मिळाला.

लागायचं नाही, हेही खोटंच होतं. निकाल ठरलेला असला तरी फळ्या लाकडाच्याच होत्या. त्याला पडायला शिकवलं, गुरकावायला शिकवलं, पाठीला बाक न आणता उभं राहायला शिकवलं. हे शेवटचंच त्याला सगळ्यात जड गेलं. नाव ठेवलं डोंगर. मॅनेजरच्या हिशेबी पैलवान दोनच प्रकारचे: आवडते आणि नावडते. एवढ्या उंचीचा माणूस आवडता कसा असणार? लोकांना त्याची दहशत वाटली पाहिजे, आणि ती उतरवायला कुणीतरी देखणा, बेताच्या उंचीचा गडी आला पाहिजे.

तो गडी म्हणजे सोनेरी. सोनेरी चड्डी घालायचा म्हणून सोनेरी. यापलीकडे मॅनेजरची कल्पनाशक्ती गेली नव्हती. तो दोरांवरून उडी मारून आत आला की लोक सभागृह डोक्यावर घेत.

आणि नियम होता. नावडत्याने आवडत्याशी चारचौघांत बोलायचं नाही. एका टेबलावर जेवायचं नाही, एका लॉजमध्ये उतरायचं नाही, एका गाडीत बसायचं नाही. नावडत्याने रस्त्यात हसायचंही नाही. "तुला बघून बायका पोरांना मागे ओढतात ना," मॅनेजर म्हणायचा, "त्याचंच मी तिकीट विकतो. तू फुकटात गोड वागलास तर उद्या आत कोण येईल?"

बाकीचे नावडते हा नियम सोयीने पाळत. डोंगराने मात्र तो मनावर घेतला. जन्मभर वाकायची सवय, त्यात हीही एक चौकट. एकदा भाजीच्या दुकानात एका बाईच्या पिशवीतून संत्री घरंगळली. त्याने एक उचललं, हसून पुढे केलं, आणि अर्ध्या वाटेत त्याला नियम आठवला. त्याने कपाळाला आठ्या घातल्या, दात दाखवले आणि संत्रं तिच्या तोंडासमोर धरलं. बाई संत्रं तिथेच टाकून पळाली. ते त्याने ट्रकमध्ये एकट्याने सोलून खाल्लं.

ट्रकमध्ये, कारण बसच्या सीटवर तो मावत नसे. आवडत्यांची एक बस, नावडत्यांची दुसरी, आणि मागून सामानाचा ट्रक. त्यात चौथऱ्याच्या फळ्या, दोर, ताडपत्री आणि डोंगर. तो गाद्यांच्या ढिगावर आडवा पडून एका गावाहून दुसऱ्या गावाला जाई. पुढच्या केबिनमध्ये ड्रायव्हर गाणी म्हणायचा. मधल्या काचेतून त्याचं तोंड हलताना दिसायचं, गाणं ऐकू यायचं नाही. लॉजवर पोचला की पलंग बाजूला सारून तो गादी जमिनीवर घेई. त्याला फार एकटं वाटायचं. इतकं, की कधीकधी तो आरशासमोर उभा राहून, अर्थात वाकून, स्वतःलाच विचारायचा, "जेवलास का?"

पण या धंद्यात एक जागा अशी होती, जी मॅनेजरच्या नियमातून सुटली होती.

खेळ रंगात आला की दोघांनाही धाप लागते. मग एकाने दुसऱ्याला मागून धरायचं, मानेभोवती हात आवळायचा आणि थोडा वेळ तसंच राहायचं. बघणाऱ्यांना वाटतं, आता मान मोडली. खरं तर दोघं दम खात असतात. पैलवान याला आपसांत विसावा म्हणत. धरणारा दुसऱ्याचं मनगट हळूच दाबतो: ठीक आहेस ना? तो उलट दाबतो: ठीक आहे. तोंडं केसांत, नाहीतर कोपराआड लपलेली असतात. पुढे काय करायचं ते तिथे कुजबुजून ठरतं.

सोनेरीबरोबरच्या पहिल्याच खेळात डोंगर पुढचं सगळं विसरला. समोर एवढी माणसं आपल्या नावाने बोंबलताना त्याने कधी पाहिली नव्हती. त्याने कसंबसं सोनेरीला धरलं आणि पुतळ्यासारखा उभा राहिला. तेव्हा त्याच्या कोपराच्या बेचक्यातून आवाज आला, "श्वास घे. काही घाई नाही. मी कुठे जातोय, तूच धरलंयस मला." मग तो आवाज म्हणाला, "घरी काय म्हणतात तुला?"

"लांब्या."

"छान. लांब्या, आता मी सुटेन आणि तुला दोरावर ढकलेन. तू जोरात ओरड."

लांब्या ओरडला. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी त्याला घरच्या नावाने हाक मारली होती, म्हणून त्या ओरडण्यात आनंदच जास्त होता. लोकांना तो भयंकर वाटला.

तेव्हापासून ते विसाव्यात बोलायला लागले. आधी कामाचं: आज उजवा गुडघा सांभाळ, त्या कोपऱ्यातली फळी हलतेय. मग इकडचं तिकडचं, मग सगळंच. बाहेर माणसं घसा फोडून ओरडत असायची, "सोड त्याला, राक्षसा", आणि आत सोनेरी सांगत असायचा, की मुलीला पहिला दात आला. गोष्ट एका गावात अर्धी राहायची आणि दुसऱ्या गावात पुरी व्हायची. मुलीचा कान दुखत होता, त्याचं काय झालं, हे कळायला डोंगराला एक अख्खा प्रवास ट्रकमध्ये तळमळत काढावा लागला. पुढच्या गावी मान धरल्या धरल्या त्याने आधी तेच विचारलं. सोनेरीने त्याला बटाटे न फुटता उकडायची युक्ती सांगितली. त्याने सोनेरीला बापाची दारं सांगितली, डॉक्टर सांगितला, आरशातली चौकशीही सांगितली. पुढे प्रत्येक खेळात पकड बसली, की सोनेरी आधी विचारायचा, "जेवलास का?"

चौथऱ्याच्या बाहेर ते एकमेकांकडे बघतही नसत. त्यांनी एकमेकांचा चेहरा बोलताना कधी पाहिलाच नव्हता. वर्षांमागून वर्षं गेली, दोघांच्याही कानशिलावर पांढरे केस आले. डोंगराला कुणी विचारलं असतं, की जगात तुझं कोण आहे, तर त्याने आई, बाप, ताई आणि मग या माणसाचं नाव घेतलं असतं. त्याच वेळी त्याला शंकाही वाटायची. सोनेरीला घर होतं, बायको होती, मुलगी होती, दारात फुलं घेऊन उभी राहणारी माणसं होती. त्याच्यासाठी हे कामाचंच बोलणं असेल, एका चांगल्या मनाच्या माणसाने बिचाऱ्याशी केलेलं.

एके दिवशी खेळाच्या तोंडावर सभागृहाच्या कचेरीत डोंगरासाठी फोन आला. ताई होती.

"कुठे होतास रे? कालपासून गावोगाव फोन करतेय."

"काय झालं?"

"आई गेली, लांब्या. काल सकाळी. तुझी वाट बघितली, पण किती वेळ ठेवणार? सगळं झालं. आता धावपळ करू नकोस, सावकाश ये."

त्याने फोन ठेवला, आणि बाहेर त्याच्या नावाचा पुकारा झाला. तो वाकून दारातून बाहेर पडला आणि चौथऱ्यावर चढला. ठरलेलं सगळं त्याने केलं. मग सोनेरीला धरलं.

"जेवलास का?"

"आई गेली," डोंगर म्हणाला.

सोनेरीने त्याचं मनगट दाबलं आणि दाबूनच ठेवलं. "रड," तो म्हणाला. "खाली तोंड घाल आणि रड. लोकांना तो रागच वाटेल."

डोंगराने त्याच्या केसांत तोंड खुपसलं आणि तो रडला. विसावा थोडक्यात उरकायचा असतो. हा उरकेना. लोक आधी ओरडले, मग गप्प झाले, मग कंटाळून शिट्ट्या मारायला लागले. कुणीतरी पाण्याची बाटली भिरकावली. पंच त्यांच्यातलाच माणूस, त्याने डोंगराच्या खांद्यावर एकदा थाप मारली, दुसऱ्यांदा मारली, कानाशी येऊन म्हणाला, "अरे, सोड आता." डोंगर सांगत होता, की आईला आपण शेवटचं कधी भेटलो, आणि निघताना ती काय म्हणाली. ते सांगून होईना. शेवटी पंचाने दोघांना ओढून बाजूला केलं, आणि वाक्य अर्धंच राहिलं.

मॅनेजर संतापला. लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले होते. "तुम्ही दोघं मारामारी कमी करता आणि गप्पा जास्त मारता," तो म्हणाला, आणि त्याने सोनेरीला कंपनीच्या दुसऱ्या तुकडीत पाठवून दिलं. ती तुकडी भलतीकडेच फिरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगराला तो रस्त्याच्या पलीकडे दिसला. सोनेरी बॅग घेऊन गाडीपाशी उभा होता. त्याने इकडे पाहिलं आणि हात थोडासा वर केला. रस्त्यावर माणसं होती, चहाच्या टपरीवरचे चारपाच जण या दोघांकडेच बघत होते. आणि या शहाण्या डोंगराने काय करावं? त्याने कपाळाला आठ्या घातल्या, दात दाखवले आणि जमिनीवर थुंकला. इतक्या वर्षांचा नियम. हात वर करायच्या आधी तोंड वाकडं झालं. सोनेरीचा हात खाली गेला. गाडी निघून गेली.

ते थुंकणं मग डोंगराला जन्मभर पुरलं. सोनेरीला कळलं असेल का? तोही त्याच धंद्यातला, त्याला कळलं असणार. पण नसेल कळलं तर? याचं सगळं ऐकून घेतलं, आणि हा माणूस थुंकला, असं तो घरी जाऊन म्हणाला असेल तर? ट्रकमध्ये आडवा पडून तो दोन्ही बाजूंनी विचार करायचा. दरवेळी दुसरीच बाजू जिंकायची, आणि इथे निकाल आधी ठरवून द्यायला मॅनेजर नव्हता.

समोर नवी मुलं आली. एकदा विसाव्यात त्याने एका नव्या गड्याला विचारलं, "घरी सगळे बरे?" त्या गड्याला वाटलं, म्हातारा चळला. त्याने पंचाला खूण केली. डोंगराने पुन्हा कधी कुणाला काही विचारलं नाही. पुढे गुडघ्यांनी दगा दिला. काही दिवस त्याला नुसतंच चौथऱ्यावर उभं करून दाखवत, मग तेही थांबलं. कंपनीही मोडली.

तो बापाकडे परत आला. बापाचे हात तेव्हा थरथरत होते. तरी त्याने जाण्याआधी एक शेवटचं काम केलं: पोराच्या मापाची खुर्ची. "दार राहिलंच तुझं," तो म्हणाला. "निदान बस तरी नीट." बाप गेल्यावर ताईने आपल्याकडे राहायला बोलावलं, पण तिच्या घराची छतं बुटकी होती. डोंगराने एका लॉन्ड्रीच्या मागची तळमजल्यावरची खोली घेतली. बसून होईल असं काम धरलं: लोकांच्या खुर्च्या घासून, पॉलिश करून द्यायच्या. खोलीत खुर्च्यांची कमी नव्हती. बसायला येणारं कुणी नव्हतं.

एका दुपारी उघडं दार वाजलं. बाहेर एक बाई उभी होती, आणि तिच्या आधाराने एक पांढऱ्या केसांचा म्हातारा. डोंगराने त्याला ओळखलं आणि हातातला पॉलिशचा बोळा तसाच धरून बसला.

"काका, मी यांची मुलगी," बाई म्हणाली. "तुमचे जुने पंच भेटले होते, त्यांच्याकडून पत्ता मिळवला. बाबा महिनाभर मागे लागलेत."

"कान पुन्हा दुखला का गं कधी?" डोंगराच्या तोंडून निघून गेलं. "डावा. तू लहान असताना दुखायचा ना."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला कसं माहीत? मी तर लहानपणी तुमचं पोस्टर फाडलं होतं, माझ्या बाबांना मारता म्हणून."

डोंगराने खुर्च्या पुढे केल्या, चहा केला. दोघं म्हातारे समोरासमोर बसले. चांगल्या उजेडात, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. आणि बोलायला काही सुचेना.

"तब्येत?" सोनेरीने विचारलं.

"बरी. तुझी?"

"चाललंय."

चहा संपला. लॉन्ड्रीतलं इस्त्रीचं धप धप ऐकू येत होतं. डोंगराने बशीत कप सरळ केला. सोनेरीने खोलीचं छत बघून घेतलं. इतक्या वर्षांचं मनात साठलं होतं, आणि समोर हा एक अनोळखी चेहरा. रुंद कपाळ, उजव्या भुवईवर व्रण. हा बोलताना ओठ असे हलवतो, हेसुद्धा डोंगराला माहीत नव्हतं. त्या थुंकण्याबद्दल विचारायचं होतं, पण समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून असलं काही कसं विचारतात, हे तो कधी शिकलाच नव्हता. म्हणजे माझी शंका खरी होती, त्याला वाटलं. ते कामापुरतंच होतं. चांगला माणूस आहे, म्हणून शेवटचं भेटून चाललाय. या भेटीपेक्षा ते दार वाजलंच नसतं तर बरं, आठवण तरी धड राहिली असती.

मुलीने पर्स उचलली. "बाबा, निघू या? गाडी थांबलीय."

सोनेरी खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठला. पण दाराकडे गेला नाही. पाय ओढत तो टेबलाला वळसा घालून डोंगराच्या मागे आला. बसलेला डोंगर त्याच्या खांद्याएवढा भरत होता. आजवर पकड नेहमी डोंगराची असायची. आज सोनेरीने मागून त्याच्या मानेभोवती हात टाकला आणि आवळला. मुलगी दचकून पुढे झाली. त्याने दुसऱ्या हाताने तिला थांब म्हटलं, डोंगराचं मनगट शोधलं, दाबलं, आणि पांढऱ्या केसांत तोंड घालून कुजबुजला.

"जेवलास का, लांब्या?"

डोंगराने डोळे मिटले. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता.

"मी थुंकलो होतो," तो म्हणाला.

"माहीत आहे. फार छान थुंकलास. टपरीवरचे पार घाबरले." मनगट पुन्हा दाबलं गेलं. "हं, सांग आता. तू निघालास तेव्हा आई काय म्हणाली होती?"

डोंगराने त्याचं मनगट उलट दाबलं आणि अर्धं राहिलेलं वाक्य जिथे सुटलं होतं तिथून सांगायला घेतलं. मुलगी पर्स मांडीवर घेऊन परत बसली. खांद्यावर थाप मारायला आज पंच नव्हता.